खंडेनवमीला आम्ही मशिनं पुसली

"रुपया काय सर, सगळीकडे सारखाच असतो," असं कंपनीचा एचआरवाला मला म्हणाला, तेव्हा त्याच्या खोलीत एसी चालू होता आणि मला घाम फुटला होता. पोरगेलासाच होता. हुशार असावा. हुशार नसता तर एवढं खोटं एवढ्या निरागस चेहऱ्याने बोलणं त्याला जमलं नसतं.

त्याचं म्हणणं असं, की आमचं ग्राइंडिंग खातं उत्तरेतल्या एका राज्यात हलणार आहे. माझ्यासारख्या जुन्या माणसाला कंपनी वाऱ्यावर सोडणार नाही. तिकडे माझी जागा तयार आहे. फक्त पगार 'तिकडच्या क्षेत्राप्रमाणे' मिळेल, कारण तिकडे स्वस्ताई आहे. म्हणजे रुपया तोच, पण मी गाडीत बसून वर गेलो की तो माझ्या हातात कमी पडणार. आणि घर, बायको, तिची जयलक्ष्मीपुरमातल्या शाळेतली नोकरी, सगळं मागे म्हैसूरला राहणार, म्हैसूरच्याच भावाने दूध-भाजी घेणार. मी त्याला हे विचारलं. त्याने हसून माझ्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "अय्यो," एवढंच म्हणाली, आणि निवडलेल्या शेंगा पुन्हा न निवडलेल्यांत टाकल्या.

आमचं घराणं जुन्या म्हैसूरच्या फौजेतलं. पूर्वज कधी घोड्यावरून इकडे आले ते कुणाला नीट सांगता येत नाही. तलवार राहिली आणि घरातली मराठी राहिली. तीही अर्धी कानडी झालेली. पण त्याच मोडक्या मराठीने मला नोकरी दिली. मी आयटीआय करून बसलो होतो, तेव्हा ही कंपनी महाराष्ट्रातल्या एका गावातून आपलं एक खातं उचलून म्हैसूरला आणत होती. आमच्या सरकारने स्वस्तात जागा दिली होती, वीज दिली होती, कराची सूट दिली होती. मशिनांबरोबर तिकडचे सुपरवायझर आले. त्यांना कानडी येईना, इथल्या पोरांना मराठी कळेना. मला दोन्ही येत होतं. माझी मराठी ऐकून ते पोट धरून हसायचे, पण घेतलं मला. मी गिअरबॉक्सच्या शाफ्टला शेवटचा हात देणाऱ्या ग्राइंडिंग मशीनवर लागलो आणि तिथेच पन्नाशी उलटली.

आता उत्तरेतल्या त्या राज्याने आमच्यापेक्षा मोठी बोली लावली होती. जमीन जवळजवळ फुकट. विजेवरचा कर कित्येक वर्षं माफ. भरलेल्या करातला काही भाग परत. शिवाय नवीन पोरं शिकाऊ म्हणून घेतली तर त्यांच्या विद्यावेतनातला वाटा सरकारच उचलणार. आमचं सरकारही सवलती जाहीर करतच असतं, पण नवीन येणाऱ्यांसाठी. नव्याला पायघड्या, आणि इतकी वर्षं इथे राबणाऱ्याला कुणी साधं 'बसा' म्हणत नाही. कंपनीला तरी काय, जिथे ताट वाढलेलं दिसेल तिथे ती जाणार. एकाच देशातली दोन राज्यं, खिशात नोट एकच, आणि सख्ख्या भावांनी एका घासासाठी एकमेकांच्या मनगटाला धरावं तशी यांची ओढाताण. मनगटं आमची.

हे सगळं मी माझ्या जोडीदारासमोर रोज ओकायचो. जोडीदार म्हणजे माझ्या शेजारच्या मशीनवरचा कंत्राटी कामगार. तो उत्तरेतल्या त्याच राज्यातला. पस्तिशी ओलांडलेला, गावाकडे बायको आणि दोन मुली. हेब्बाळच्या औद्योगिक वसाहतीमागच्या गल्लीत, आमच्याच लायनीतल्या भाड्याच्या खोल्यांपैकी एकीत चौघांबरोबर राहायचा. इथे येऊन कानडी शिकला होता, मला 'अण्णा' म्हणायचा आणि डब्यातलं लोणचं माझ्यासाठी राखून ठेवायचा. बातमी आली तेव्हा तो माझ्यासमोर मान खाली घालून शाफ्ट मोजत राहिला. पण दुसऱ्या दिवशी तो मशीन चालवताना गुणगुणत होता. नवा कारखाना त्याच्या गावापासून बसने तासाभरावर होता. मला त्याचं गुणगुणणं सहन होईना. मी व्हीलची गार्ड जोरात आपटली.

युनियनने कामगार खात्याकडे अर्ज केला होता. अधिकाऱ्यापुढची बैठक दसऱ्यानंतरच्या सोमवारी ठरली. आमच्या वकिलाने आम्हाला समोर बसवून एकच गोष्ट घोकून घेतली: मशिनं शेडमध्ये आहेत तोवर तुमच्या शब्दाला वजन आहे. ती गेली की मग फक्त नुकसानभरपाई, तीही रडतखडत. सोमवारपर्यंत मशीन हलता कामा नये. बस्स, इतकंच. म्हणून आम्ही गेटसमोर ताडपत्री टाकून पाळीपाळीने बसू लागलो. कुणी रजा टाकून बसायचं, कुणी शिफ्ट संपवून. बायको शाळेतून येताना फ्लास्कमधून कॉफी द्यायची. मी तिथे बसून गेटकडे असा बघायचो, की डोळा हलवला तर मशीन जाईल.

त्यातच नवरात्र आलं.

म्हैसूर सोडून बाहेरच्याला हे समजावणं अवघड आहे. आमच्याकडे नवमीला, म्हणजे घरी आम्ही म्हणतो त्या खंडेनवमीला आणि कानडीत आयुधपूजेला, ज्याने पोट भरतं ते सगळं पूजेत बसतं. आमच्या घरी पूर्वजांची तलवार, तिच्याशेजारी विळी, कात्री, माझा मायक्रोमीटर, बायकोचं लाल पेन. एकदा कुंकू लागलं की दशमीला सकाळी पूजा उतरेपर्यंत त्या वस्तूला हात लावायचा नाही. बायको आदल्या दिवशीच भाजी चिरून ठेवते. कारखान्यातही हेच. हिंदू असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो, ज्याचं मशीन त्याने पुसायचं, हार घालायचा, बाजूंना केळीचे खुंट बांधायचे, कोहळा फोडायचा आणि मशीन बंद करून निघायचं. परदेशी माल अडकलेला असतानाही आधीच्या कुठल्याही मॅनेजरने त्या काळात मशीन चालू करायला सांगितलं नव्हतं. सांगणार कोण आणि ऐकणार कोण?

नवा मॅनेजर काही महिन्यांपूर्वीच बाहेरून आलेला. त्याने स्वतः शॉप फ्लोअरवर येऊन सांगितलं, की या वर्षी पूजा नेहमीपेक्षा थाटात करा. उत्पादन थांबलं तरी चालेल. पुसायला हवा तेवढा वेळ घ्या, कोहळे आणि मिठाई कंपनीची. इतकी कटुता चाललेली असताना माणूस आमच्या श्रद्धेची कदर करतो, याने आम्ही विरघळलो. एकाने तर टाळ्या वाजवल्या. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "सुम्ने, फुकटात कशाला कोण मिठाई देतंय हो? त्याला काय पाहिजे, ते बघा." मी म्हटलं, सणासुदीला तरी संशय नको.

मग आम्ही जीव ओतला. मी कूलंटची टाकी रिकामी केली, तळाचा गाळ काढला. हायड्रॉलिक तेल काढून घेतलं, कारण जुनं झालंच होतं आणि पूजेनंतर नवं भरायचा रिवाज. व्हील उतरवून वेगळं ठेवलं. टेबल मधोमध आणून लॉक केलं, नाहीतर हार घालताना सरकतं. कोहळ्याचं पाणी आणि कुंकू पडून बेडला गंज धरू नये म्हणून सगळ्या उघड्या लोखंडावर ग्रीसचा जाड थर दिला. मेन स्विच पाडला, केबल गुंडाळून वर टांगली. माझा जोडीदारही त्याचं मशीन तसंच आवरत होता. त्याच्याकडे विश्वकर्म्याची पूजा असते, आणि ती एका दिवसात आटोपते. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही लोक मशिनाला नवरीसारखं सजवता." मला बरं वाटलं. त्या दोन दिवसांत मी खातं हलणार हे जवळजवळ विसरलो होतो.

नवमीला दुपारपर्यंत पूजा झाली. शेड बंद झालं. गेटसमोरच्या ताडपत्रीवर कुणी बसायचं हा प्रश्न कुणी काढलाच नाही. आम्ही एवढी माणसं, त्यात वकिलाशी वाद घालणारी, पुढाऱ्यांना धारेवर धरणारी, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही. पूजेत बसलेल्या मशीनला माणूस हात लावतो, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. ताडपत्री घडी करून आम्ही घरी गेलो आणि पोळ्या खाल्ल्या.

दशमीला सकाळी मी दुचाकीवरून पूजा उतरवायला निघालो. प्रत्येक खात्यातला एक जण जातो, फुलं काढतो, मशीन क्षणभर चालवून बंद करतो. सगळं गाव दुपारच्या हत्तीच्या मिरवणुकीच्या आणि संध्याकाळच्या बन्नीमंटपावरच्या मशालींच्या कवायतीच्या गडबडीत. पोलिस तिकडे, लोक तिकडे. औद्योगिक वसाहतीत चिटपाखरू नव्हतं. वाटेत दोन लांब ट्रेलर समोरून गेले. पुढे हार, दोन्ही बाजूंना केळीचे खुंट. त्या दिवशी म्हैसूरच्या रस्त्यावर रिक्षापासून बसपर्यंत सगळ्यांना हार आणि केळीचे खुंट असतात. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.

गेटवर वेगळ्याच एजन्सीचे पहारेकरी होते. मला आत सोडेनात. शेडचं मोठं दार उघडं होतं आणि त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. इतक्या वर्षांत मी ती भिंत कधी पाहिली नव्हती. मध्ये नेहमी मशिनं असायची. जमिनीवर फाउंडेशनचे बोल्ट कापलेले, तेलाचे डाग आणि कोहळ्याच्या फोडी. मी गेटला धरून खाली बसलो आणि मोठ्याने शिव्या देऊ लागलो, कानडीत, मराठीत, येतील तशा. पहारेकऱ्याने मान फिरवली. तोही भाडोत्रीच.

तेवढ्यात आतून माझा जोडीदार आला. कपड्यांना ग्रीस, हातात प्लास्टिकची पिशवी. नवमीला दुपारीच कंत्राटदाराने मशिनं चढवायला ज्यांना बोलावलं, त्यांत हाही होता. पिशवी माझ्यापुढे धरून तो म्हणाला, "अण्णा, फुलं मी काढली. हात जोडून काढली. कचऱ्यात नाही टाकली."

मी ती पिशवी त्याच्या हातातून हिसकावून रस्त्यावर भिरकावली.

"मी नसतो गेलो तर दुसरा गेला असता," तो म्हणाला. "आणि अण्णा, माझ्या मुली मला ओळखत नाहीत. मी घरी गेलो की धाकटी आईच्या मागे लपते. आता कारखाना तिथे चालला, तर मी जाऊ नको?"

"जा ना. तुझ्या सरकारने आम्हाला विकत घेतलंय."

तो हळूच म्हणाला, "हीच मशिनं तुमच्या सरकारने घेतली होती ना? तुम्हीच सांगितलंत."

मी सांगितलं होतं खरंच, कुठल्यातरी चहाच्या सुट्टीत, मोठ्या अभिमानाने. तो वाकून रस्त्यावरची फुलं गोळा करू लागला. त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला, की मी त्याला लाथ मारली असती. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं, की याच्या जागी मी असतो तर मीही हेच केलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि त्यांतली एकही माझ्या उपयोगाची नव्हती. मी गाडी ढकलत थोडं अंतर गेलो, मग चालू करायची आठवण झाली.

सोमवारची बैठक झाली. अधिकारी सभ्य बाई होत्या, कानडीतून शांतपणे विचारत होत्या. कंपनीच्या वकिलाचं म्हणणं, की मशिनं कामगारांनी स्वतः हलवायला तयार करून दिली, सगळं राजीखुशीने झालं. आमचा वकील उसळला. बाईंनी मला पुढे बोलावलं, कारण यादीतलं पहिलं मशीन माझं होतं.

"तेल तुम्ही काढलंत?"

"हो, मॅडम."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

"नाही. पूजेसाठी काढलं."

"टेबल लॉक, ग्रीस, केबल, हे सगळं?"

"पूजेसाठीच, मॅडम. दर वर्षी करतो."

बाई स्वतः म्हैसूरच्या. त्यांच्याही कार्यालयात टाइपरायटर आणि संगणकाला कुंकू लागलेलं दिसत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना सगळं समजलंय हे मला कळलं. पण समजणं वेगळं आणि लिहिता येणं वेगळं. कंपनीचा वकील म्हणाला, की मशीन हलवण्यापूर्वी कुठलाही जाणकार नेमकं हेच करतो. ते खरं होतं. मी तीस वर्षांचा जाणकार, मीच मान हलवली. बैठक पुढच्या तारखेवर गेली, मग त्याच्याही पुढच्या. बोलणं आता भरपाईचं होतं.

कार्तिकात मी हरलो. इथे मी सगळ्या वसाहती पालथ्या घातल्या. लहान वर्कशॉपवाले माझ्या वयाकडे बघायचे आणि चहा पाजून वाटेला लावायचे. एकाने स्पष्ट सांगितलं, की त्याचं कामच आमच्या कंपनीवर चालत होतं, आता तोच शटर ओढायच्या बेतात आहे. आमच्या गल्लीच्या टोकाचा मेसवाला एका वेळचंच जेवण ठेवू लागला. मी पहाटे उठून गणवेश घालायचो आणि मग आठवायचं. बायको हे बघायची आणि आतल्या खोलीत जायची. तिचा पगार घर चालवत होता आणि ती ते एका शब्दाने बोलून दाखवत नव्हती, याचाच मला जास्त त्रास व्हायचा. एका सकाळी मी तिला म्हटलं, की मी वर उत्तरेत जातो, कमी पगारावर. काम तरी राहील. ग्राइंडिंगशिवाय मला काही येत नाही, आणि हात रिकामे राहिले तर मी वेडा होईन.

ती म्हणाली, "आणि मी इथे एकटी काय करू, ते सांगा." मग माझं तोंड बघून म्हणाली, "इरली, असू दे. जा तुम्ही. आधी राहायचं कुठे ते विचारा."

विचारणार कुणाला? त्या अख्ख्या राज्यात मला एकच माणूस माहीत होता, आणि त्याची फुलं मी रस्त्यावर फेकली होती. दोन दिवस फोन हातात घेऊन ठेवत होतो. शेवटी लाज गिळून लावला. त्याने पहिल्याच रिंगला उचलला.

"अण्णा!" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, घाई होती. "मीच करणार होतो. हिंमत होत नव्हती."

मी म्हटलं, "कसा आहेस? काम कसं चाललंय?"

"काम कुठलं? मशिनं शेडमध्ये आहेत, फळ्यांवर तशीच. अजून जोडलीही नाहीत. शेड उभं राहिलं, मशिनं आली, फोटो निघाले, मंत्री येऊन गेले. माणसं घेताहेत ती नुसती शिकाऊ, विशीच्या आतली, ज्यांचे पैसे सरकार देतं. मला म्हणतात तुझं वय गेलं. रोज गेटवर जातो. गेटवाला आमच्याच जातीचा, तो बसायला जागा देतो. बस."

मी बोलायला तोंड उघडलं. खोलीबद्दल विचारायचं होतं. दाराशी बायको उभी होती, कान देऊन.

"अण्णा," तो म्हणाला, "धाकटी आता जवळ येते. खांद्यावर बसते. पण घरात काही नाही हो. म्हैसूरला मिळत होतं त्याच्या निम्म्यावरसुद्धा इथे कुणी घेत नाही. तुम्ही रागावला होतात, माहीत आहे. पण तुमच्याशिवाय विचारू कुणाला? तिकडे काही काम बघाल माझ्यासाठी? काहीही. आणि आपल्या लायनीत एखादी खोली?"

मी दाराशी उभ्या बायकोकडे पाहिलं. तो 'हॅलो, हॅलो' करत राहिला.

"खोली आहे," मी म्हटलं. "लायनीतल्या सगळ्याच खोल्या रिकाम्या आहेत."